नॉरफोकच्या वहीत न सापडणारा माणूस

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

"मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन बावीस वर्षं लेस्टरला आहे. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, माहेर पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्याचं. त्यांच्या खापरपणजोबांच्या वडिलांचा शोध आम्ही दोघी दोन वर्षं घेतोय. ते डीरमजवळच्या एका खेड्यात शेतमजूर होते. बाप्तिस्मा १७६६, लग्न १७९०, मग साधारण दोन-अडीच वर्षांच्या अंतरानं सहा मुलं. शेवटचं मूल म्हणजे सासूबाईंचे खापरपणजोबा, बाप्तिस्मा नोव्हेंबर १८०३. बायकोचं दफन त्याच गावात १८२४ साली, वय ५६. त्यांच्या स्वतःच्या मृत्यूची नोंद मात्र कुठल्याच वेबसाइटवर सापडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका लांबच्या नातलगानं आपल्या वंशवृक्षात १८४७ साली नॉरिचमध्ये वारलेला, त्याच नावाचा, ८१ वर्षांचा माणूस जोडलाय. तो खरा मानायचा का? सासूबाईंना एकदा त्यांच्या कबरीवर फुलं ठेवायची आहेत. तिथी माहीत नसलेल्यांची आपल्याकडे सर्वपित्री अमावस्येला तरी सोय होते. इथे काय करायचं?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सासू-सून मिळून घराण्यातला हरवलेला माणूस शोधताहेत, आणि तोही सुनेच्या नव्हे, सासूच्या माहेरचा, हे वाचून फार बरं वाटलं. सासूबाईंचं वय लक्षात घेऊन थेट मुद्द्यावर येते.

१८४७चा माणूस सध्या बाजूला ठेवा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्हीच पाठवलेल्या तारखा वेगळं काही सांगताहेत. बाई १८२४ला ५६ वर्षांची, म्हणजे जन्म १७६८च्या आसपास. नोव्हेंबर १८०३ला ती पस्तिशीत होती. तोवर दर दोन-अडीच वर्षांनी मूल होतंय आणि मग एकदम काही नाही. त्या काळी शेतमजुराच्या घरी चाळिशी ओलांडेपर्यंत पाळणा हलत असे. पस्तिशीत थांबण्याला कारणं बरीच असू शकतात, आजारपणही असेल. पण पहिला संशय नवऱ्यावरच येतो. तो एकतर वारला, नाहीतर घरात नव्हता. त्यामुळे माझ्या मते १८०३ ते १८०६ ही वर्षं आधी खणून काढायला हवीत, १८४७ नाही. कदाचित सासूबाईंच्या खापरपणजोबांनी आपला बाप पाहिलाही नसेल.

आता एक गोष्ट मनात पक्की करा. १ जुलै १८३७ला इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. त्याआधी मृत्यूची नोंद अशी नसतेच. असते ती दफनाची. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावानं, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत असा हुकूम काढला, आणि पाद्री तेवढंच लिहीत राहिला. माणूस कुठे, कधी, कशानं गेला हे त्याच्या कामात बसत नव्हतं. आपल्या चर्चच्या आवारात मातीत कोण गेलं, हे बसत होतं. आपल्या घरांत तिथी पाठ असते आणि साल विसरलेलं असतं. इथे दफनाचा दिवस आणि साल नेमकं, पण मृत्यूचा दिवस कुणी लिहिलेलाच नाही. म्हणून माणूस दुसऱ्या गावी मेला आणि तिथेच पुरला गेला, तर तुमच्या गावच्या वहीत त्याची ओळ नसणारच. वहीत ओळ नाही म्हणजे माणूस तेव्हा जिवंत होता, असं धरू नका.

दुसरी अडचण आडनावाची. तुमचं आडनाव इथे छापत नाही, उदाहरणासाठी रीड घेऊ. देवनागरीत रीड एकाच तऱ्हेनं लिहिलं जातं. इंग्रजीत ते दोन 'ई' घालून होतं, 'ई-ए' घालून होतं, 'ई-आय' घालून होतं आणि शेवटी एक जास्तीचा 'ई' चिकटवूनही होतं. तुमचा माणूस बहुधा निरक्षर. त्यानं उच्चार केला, पाद्र्यानं कानावर पडलं ते लिहिलं, आणि दोनशे वर्षांनी कुणीतरी ते झिजलेलं अक्षर वाचून संगणकात भरलं. पहिलं अक्षर 'आर'ऐवजी 'बी' किंवा 'के' वाचलं गेलं की शोधखिडकी तुम्हाला 'काही सापडलं नाही' असं सांगणार. तिच्यावर विसंबू नका. विमंडम असं लिहिलेल्या गावाला नॉरफोकची माणसं विंडम म्हणतात, तुमच्या सासूबाईंना हे सांगायला नको. त्यांनाच जवळ बसवा आणि आडनाव त्यांचे आजोबा जसं म्हणत तसं म्हणायला लावा. ते ऐकून जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी लिहून काढा.

मग यादीत शोधणं थांबवून वहीची पानं वाचायला घ्या. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर नॉरफोकच्या बऱ्याच वह्यांची छायाचित्रं विनामूल्य पाहता येतात, आणि फ्रीरेग या वेबसाइटवर स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी आहेत. जानेवारी १८०३ ते डिसेंबर १८१२, एवढी दहा वर्षं एकेक ओळ वाचा. लहान खेडं असेल तर एक-दोन संध्याकाळींत होईल. १ जानेवारी १८१३पासून कायद्यानं छापील नमुना आला, पानावर आठ नोंदी: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाचा दिवस, वय, विधी कुणी केला. त्याआधी पाद्र्याची मर्जी. कुणी वय लिहितो, कुणी लिहीत नाही, कुणी नुसतं 'म्हातारा रीड' लिहून मोकळा होतो. एकाच नावाचे दोघे असतील तर 'थोरला' आणि 'धाकटा' लिहितात, पण ते बापलेकच असतील असं समजू नका. गावातला वयानं मोठा आणि वयानं लहान, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

वाचताना दोन गोष्टी तपासा. वहीत खंड आहे का, म्हणजे एखाद्या वर्षी एकही दफन नाही किंवा पान फाटलंय, असं काही? असेल तर बिशपकडे पाठवलेल्या नकला पाहा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रत्येक पॅरिशला वर्षभराच्या नोंदींची प्रत वरती पाठवावी लागे, आणि मूळ वहीत सुटलेली ओळ कधीकधी नकलेत मिळते. दुसरं जरा अवघड वाटेल, पण करावंच लागतं: १७६६ला बाप्तिस्मा झालेलं ते बाळ जगलं होतं ना, हे पाहिलंत का? १७६६ ते १७७० या वर्षांची दफनं वाचा. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत तिथे सर्रास होती. १७९०ला बोहल्यावर चढलेला त्याच नावाचा धाकटा भाऊ असेल, तर तुमचं वयाचं सगळं गणित बदलेल. माझ्या पाहण्यात असे दोन वंशवृक्ष आहेत की ज्यांत लहानपणीच गेलेल्या बाळाला चक्क सहा मुलं आहेत.

एवढं करूनही मिळाला नाही, तर मला खरी आशा वाटते ती एका वेगळ्याच वहीत, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. गरिबांच्या मदतीचा हिशेब.

१८३४चा नवा कायदा येईपर्यंत गावातल्या निराधारांना पोसायची जबाबदारी त्या त्या पॅरिशची होती. त्यासाठी गावातलेच कुणी शेतकरी, दुकानदार दरवर्षी ईस्टरच्या सुमारास ओव्हरसीअर म्हणून नेमले जात. ते घरोघरची पट्टी गोळा करत आणि कुणाला काय दिलं ते वहीत मांडत. या वह्या चर्चमधल्या कुलूपबंद पेटीत राहत, आता बहुतेक नॉरिचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. सगळ्या गावांच्या उरलेल्या नाहीत. तुमच्या गावच्या आहेत का, ते त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये पॅरिशचं नाव घालून पाच मिनिटांत कळेल.

या वहीत काय दिसतं ते सांगते. एका कुटुंबासाठी मी असाच शोध घेत होते. दफनाच्या नोंदीत माणूस नव्हता, म्हणून हिशेबाची वही मागवली. लांब, अरुंद, कातडी बांधणीची वही. शाई तपकिरी झालेली. उजवीकडे पौंड, शिलिंग, पेन्सचे तीन रकाने. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, आण्या-पैचा हिशेब घरात ऐकलेल्याला दोन पानांत सवय होते. आठवड्याच्या मदतीची यादी दर वेळी जवळपास तीच. तीच चार म्हाताऱ्यांची नावं, तोच एक आंधळा. मग हिवाळ्यातल्या एका आठवड्यात त्या माणसाच्या नावापुढे 'आजारी असताना' म्हणून दीड शिलिंग. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचं नाव नाही. खाली शवपेटीचे पैसे, कफनाचे पैसे, खांदेकऱ्यांच्या बिअरचे पैसे. आणि त्यानंतरच्या यादीत शेवटी नवीन ओळ: 'विधवा' आणि आडनाव, दोन शिलिंग. ती ओळ पुढे अकरा वर्षं तशीच चालू होती.

पाद्र्यानं न लिहिलेला मृत्यू सुताराच्या बिलात मिळाला. आठवड्याइतका नेमका.

तुम्ही हेच शोधा: तुमच्या बाईंच्या नावापुढे 'विधवा' कधीपासून लागतं. तुमच्या गावची वही असेल आणि घर गरीब होतं, तर सहा पोरांच्या आईचं नाव त्यात नसण्याची शक्यता कमी. तारीख आठवड्याची नाही तरी ईस्टर ते ईस्टर एका वर्षापुरती नक्की होईल.

तिथे 'विधवा'ऐवजी 'अमक्याची बायको' असं दिसलं, तर मात्र कान टवकारा. मे १८०३मध्ये फ्रान्सशी पुन्हा युद्ध पेटलं, आणि मिलिशियात, म्हणजे देशातल्या राखीव फौजेत, गेलेल्यांच्या कुटुंबांना पॅरिशकडून पैसे मिळत. तसं असेल तर माणूस सैन्यात होता आणि शोध लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजकडे, म्हणजे सरकारी दफ्तरखान्याकडे, वळेल. तिथे पलटणींच्या हजेरीवह्या आणि मृत-जखमींच्या याद्या आहेत. कुणी तर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबई इलाख्यात येऊन मरे. आपल्याकडच्या चर्चमधल्या अशा दफनांच्या नकला लंडनला जात, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तुमच्या सासूबाईंचा पूर्वज पुण्याच्या मातीत असता, तर मला फार आनंद झाला असता. पण पुरावा मिळेपर्यंत त्या वाटेनं जाऊ नका. गोष्ट जितकी मोहक, तितका तिच्यावर विश्वास ठेवायला आपण घाई करतो.

तिसरी शक्यता, नवरा घर सोडून गेला. ओव्हरसीअरला मग बाई-पोरांचा खर्च पडे, आणि तो खर्च कुणी सोसायचा यावर गावागावांत वाद होत. १६६२च्या कायद्यापासून प्रत्येक गरिबाचं एक हक्काचं गाव ठरे, आणि ते ठरवायला त्याची तोंडी चौकशी होई. न्यायाधीशापुढे शपथेवर दिलेलं हे निवेदन पानभराचं असतं: जन्म कुठे, नोकरी कुठे केली, लग्न कुणाशी, नवरा कुठे आहे की कधी गेला. शेतमजूर बाईच्या तोंडचे शब्द सापडायची ही जवळपास एकमेव जागा. पॅरिशच्या कागदांत हे आहे का, तेही त्याच कॅटलॉगमध्ये बघा. आपल्याकडे नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत घरचा माणूस जाऊन स्वतः सांगतो, कधी स्वतःच्या हातानं लिहितो. इंग्लंडच्या चर्चवहीत घरच्यांना तोंड उघडायला जागाच नाही, म्हणून या चौकशीच्या कागदांची मला इतकी किंमत वाटते.

गावाबाहेर शोधायचं ते असं. नकाशावर गावाभोवती दहा मैलांचं वर्तुळ काढा. नॉरफोकमध्ये मध्ययुगीन चर्चच सहाशेच्या वर आहेत, त्यामुळे दर मैल-दोन मैलांवर वेगळी पॅरिश आणि वेगळी वही. त्यातही आधी बायकोचं माहेर पाहा. आणि ग्रेसनहॉल विसरू नका. डीरमच्या आसपासच्या बऱ्याच गावांनी मिळून तिथे १७७७ साली गरिबांसाठी मोठं 'हाउस ऑफ इंडस्ट्री' बांधलं, आज तिथे संग्रहालय आहे. तुमचं गाव त्या गटात असेल आणि माणसानं शेवटचे दिवस तिथे काढले असतील, तर त्याचं दफनही तिकडच्याच नोंदीत असण्याचा संभव आहे. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर कॉरोनरची (अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी आणि 'नॉरफोक क्रॉनिकल' किंवा 'नॉरिच मर्क्युरी'मध्ये चार ओळींची बातमी. गाडीखाली सापडलेल्या, गिरणीत गेलेल्या मजुराला वर्तमानपत्रात जागा मिळत असे, अंथरुणात मेलेल्याला नाही.

आता १८४७कडे वळते, कारण सासूबाई त्या नातलगाला काहीतरी उत्तर देऊ इच्छित असतील. ते सोपं आहे. मृत्यू १८३७नंतरचा, म्हणजे सरकारी दाखला आहे. त्याची पीडीएफ प्रत जनरल रजिस्टर ऑफिसकडून थोड्या पैशांत घरबसल्या मिळते. मागवाच. त्यात व्यवसाय आणि खबर देणाऱ्याचं नाव असतं. नॉरिच विणकरांचं शहर होतं. दाखल्यावर 'विणकर' असेल तर तो तुमचा शेतमजूर असण्याचा संभव बराच घटतो. खबर देणारा तुमच्या सहा मुलांपैकी कुणी असेल, किंवा एखाद्या मुलीचा नवरा असेल, तर मी माझं म्हणणं मागे घेईन. सोबत १८४१ची जनगणना पाहा. तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात, तेव्हा '७०' दिसलं तर दचकू नका. वय तंतोतंत जुळतं म्हणून त्या नातलगांनी तो माणूस जोडला असणार. पण म्हाताऱ्यांचं वय शेजारीपाजारी अंदाजानं सांगत. नाव आणि वय एवढ्यावर मी कुणाला आपल्या घरात घेणार नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम, आजच करता येईल असं. १८२४च्या त्या दफनाची नोंद तुम्ही यादीतून घेतलीत की पान पाहिलंत? ती छापील नमुन्यातली आहे, म्हणजे तिच्यात 'राहण्याचं ठिकाण' हा रकाना आहे, आणि तिथे काय लिहिलंय ते तुम्ही मला कळवलेलं नाही. तिथे शेजारच्या गावाचं नाव असेल, तर ती तिकडे राहत होती आणि इथे आणून पुरली गेली. मग नवरा त्या दुसऱ्या गावच्या वहीतही शोधायला हवा. पण ती इथे का आणली, याचं सगळ्यात साधं कारण तो आधीपासून याच आवारात होता, हेही असू शकतं.

आता फुलांचं. शेतमजुराच्या कबरीवर दगड असण्याची आशा धरू नका. दगड परवडत नसे. फार तर लाकडी फळी उभी करत, ती कुजून जाई, आणि त्याच जमिनीत पुढच्या पिढ्या पुरल्या जात. वहीत त्याची ओळ सापडली तरी आवारात बोट ठेवायला जागा मिळणार नाही. हे सासूबाईंना आधी सांगा, तिथे पोचल्यावर नको.

पण त्या बाईचा तुम्ही विचार केलात का? तुमच्या पत्रात तिला दीड ओळ आहे. जवळपास वीस वर्षं तिनं ती पोरं वाढवली असावीत, बहुधा एकटीनं, आणि सगळ्यांत धाकटा वाचला म्हणून सासूबाई आहेत. तीही सासूबाईंची तितकीच पूर्वज, आणि ती कुठे आहे याबद्दल शंका नाही: त्या आवारातच. फुलं तिथे ठेवता येतील, याच महिन्यात, कुठल्याही शोधाची वाट न पाहता. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी पात्रही पाहा. नॉरफोकमधली बरीचशी पात्रं मध्ययुगीन आहेत. तुमच्या गावचं जुनं असेल तर १७६६ला त्याच पात्रावर त्याच्या डोक्यावर पाणी घातलं गेलं. त्याला सासूबाईंना हात लावू द्या. खेड्यातली चर्चं पुष्कळदा कुलूपबंद असतात, तेव्हा चर्चवॉर्डनना (चर्चची देखभाल पाहणाऱ्यांना) आधी फोन करून निघा, आणि जमीन ओली असते, सासूबाईंना काठी आणि बूट.

१८२४च्या पानाचा फोटो मात्र मला आधी पाठवा. तो रकाना वाचल्याशिवाय मला चैन पडणार नाही.